क्यू, ए, झेड

मी लेखक नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या हातून आजवर जे काही कागदावर उतरलं ते दुसऱ्यांचं होतं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, कुणाचा तरी प्रबंध, कुणाच्या तरी सोसायटीचे नियम. समोरचा मजकूर जसाच्या तसा उतरवायचा, आपल्या मनाचं त्यात काही घालायचं नाही, ही माझी शिकवण. त्यामुळे स्वतःचं काही लिहायला बसलो की हात अडखळतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. आमच्यापैकी कुणी काही लिहावं आणि ते लोकांनी वाचावं, हे मला अजूनही जरा आगाऊपणाचं वाटतं. वाचणाऱ्यांनी तो पोटात घालावा. जे सांगायचं होतं ते ज्यांना सांगायचं त्यांना मी सांगितलं नाही, म्हणून हे इथे लिहितो आहे.

हकिकत एका कीबोर्डची आहे. त्याची काही बटणं चालेनाशी झाली होती, आणि तो दुरुस्त करायला मी बसलो होतो.

मी पुण्यात आलो तो बारावीनंतर, कॉम्प्युटरच्या पदवीला प्रवेश मिळाला म्हणून. आमचं गाव विदर्भाच्या पार पूर्वेला, धानाच्या पट्ट्यात. वडील राईस मिलवर पोती उचलायचे, आई बिड्या वळायची. वस्तीतल्या विहारात एक ट्यूबलाइट होती, तिच्याखाली बसून मी बारावी केली. पुण्याला येईपर्यंत मी कॉम्प्युटर पाहिला होता तो फक्त बँकेच्या काउंटरच्या अलीकडून, म्हणजे पाठीमागून. पुढून तो कसा दिसतो ते मला कॉलेजच्या लॅबमध्ये कळलं. तो काळ असा होता की रस्त्यातल्या दर दुसऱ्या खांबावर कॉम्प्युटर क्लासचा फलक होता आणि ज्याच्या त्याच्या घरातलं कुणीतरी अमेरिकेला निघालं होतं. लॅबमधली शहरातली मुलं भराभर टाइप करायची. मी एक बोट वर धरून अक्षर शोधत राहायचो. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बघ, कोंबडी दाणे टिपतेय." सगळे हसले. मीही हसलो. पण त्याच आठवड्यात मी नारायण पेठेतल्या एका टायपिंग क्लासचा जिना चढलो.

लांबट खोली, दोन रांगांत टाइपरायटर, रस्त्याकडे दोन खिडक्या. त्यातल्या एका खिडकीशी सर उभे होते. साठीच्या जवळ आलेले, सडपातळ, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि दोन्ही मनगटांवर बाह्यांची बटणं लावलेली. पुण्याच्या उन्हाळ्यातही ती बटणं मी कधी उघडी पाहिली नाहीत. काय काम आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "टायपिंग शिकाले आलो जी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. कुठे शिकता वगैरे विचारून झाल्यावर म्हणाले, "कॉम्प्युटरचे विद्यार्थी आपण. इकडे कुठे वाट चुकलात?"

मी आधी मागे वळून पाहिलं. आपण म्हणजे कोण, ते मला कळलं नाही. गावात मी बाबू होतो, कॉलेजात 'ए विदर्भ' होतो. आपण मला तोपर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. मग मी खरं ते सांगितलं, कोंबडीचंसुद्धा. ते हसले नाहीत. म्हणाले, "दहा बोटं आहेत ना आपल्याला? मग एकट्या तर्जनीला का राबवता?"

फीचं विचारलं तर म्हणाले, आधी ए काळा करून दाखवा, मग बोलू. पुढे तो विषय त्यांनी काढला नाही.

ए काळा करणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. न बघता टाइप करायचं तर प्रत्येक बोटाला ठरावीक अक्षरं वाटून दिलेली असतात. सर त्याला बोटाचं घर म्हणायचे. डाव्या करंगळीच्या घरात क्यू, ए, झेड ही तीन अक्षरं, आणि उजव्या हाताला मोठं अक्षर काढायचं असेल तर त्यासाठी डावीकडची शिफ्ट दाबणंही तिच्याचकडे. सर म्हणायचे, करंगळी सगळ्यांत दुबळी आणि तिच्या वाट्याला आला ए, ज्याच्यावाचून इंग्रजीत एक ओळ पुरी होत नाही. घरात सगळ्यांत अशक्त माणसावर सगळ्यांत जास्त काम, आपल्याकडे सुनेचं असतं तसं. टाइपरायटरवर जेवढ्या जोराने दाबाल तेवढंच अक्षर उमटतं, त्यामुळे नवख्यांच्या कागदावर बाकी अक्षरं काळी आणि ए फिकट असायचा. सर प्रत्येकाचा कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायचे, मागच्या बाजूने बोट फिरवून ठसा चाचपायचे आणि शांतपणे विचारायचे, "आपली करंगळी उपाशी आहे का?"

हाताखालची अक्षरं दिसू नयेत म्हणून ते आमच्या हातांवर काळं फडकं पसरायचे. तरीही एखादा चोरून अनामिकेने ए दाबायचा. ते त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. "शेजाऱ्याच्या घरात आपण न विचारता शिरता का? मग तिला का पाठवता?" करंगळी दुखत असेल तर त्या दिवशी टाइप करू नका, असं ते सांगायचे, पण तिचं काम दुसऱ्या बोटाला देऊ नका. एकदा दिलंत की ती पुन्हा उठत नाही. स्वतःही त्यांनी हे चाळीस वर्षं पाळलं होतं. त्यांचा ए बाकी अक्षरांइतकाच काळा असायचा. कॉलेज सुटलं की मी रोज जाऊन बसायचो, आणि सहाव्या महिन्यात माझाही ए काळा झाला. सरांनी तो कागद खिडकीशी धरला, मागून चाचपला, आणि काही न बोलता परत दिला. काही न बोलणं ही त्यांच्याकडची शाबासकी होती.

मी दुसऱ्या वर्षाला गेलो तोवर क्लास रिकामा होत चालला होता. सकाळच्या बॅचला पूर्वी जिन्यात रांग असायची, असं सर सांगायचे. आता चार-पाच जण यायचे, तेही सरकारी परीक्षेपुरते. जागेचा मालक खोली परत मागत होता. सरांनी त्याला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं होतं.

तेव्हा मीच एक बातमी आणली. शहराबाहेर एका नव्या काचेच्या इमारतीत एक कंपनी आली होती. परदेशातल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं इथली मुलं ऐकून टाइप करायची. मुलांना कॉम्प्युटर येत होता, पण सगळी एका बोटाने दाणे टिपत होती. त्यांना कुणीतरी नीट टायपिंग शिकवणारं हवं होतं. माझ्या वर्गातल्या एकाची बहीण तिथे होती, तिच्याकडून कळलं. अट एकच : शिकवणाऱ्याने स्वतः कॉम्प्युटरवर वेगाची परीक्षा देऊन दाखवायची.

हे काम मिळालं असतं तर सकाळी तिथे आणि संध्याकाळी पेठेत, असा क्लास टिकला असता. नाही तर दिवाळीनंतर टाइपरायटर भंगारात. हे सरांना ठाऊक होतं आणि मलाही. मी चाचरत विचारलं, आपण द्याल का परीक्षा. सर म्हणाले, "विद्यार्थी कमी झालेच आहेत. एक वाढला तर बरंच."

कॉलेजने मोडीत काढलेले सुटे भाग जमवून मी क्लासमध्ये एक कॉम्प्युटर उभा केला. पहिल्यांदा चालू केला तेव्हा कीबोर्डची पिन नीट बसली नव्हती, आणि पडद्यावर इंग्रजीत आलं की कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. सरांनी ते दोनदा वाचलं. "कीबोर्ड नाही म्हणतो आणि वर बटण दाबा म्हणतो. सरकारी खात्यातून आलाय का हा?"

पहिले काही आठवडे त्यांना बघत राहावंसं वाटायचं. ते इतक्या जोरात दाबायचे की टेबल हलायचं. कॉम्प्युटरचं बटण हाताला काही लागतच नाही, कणकेत बोट घातल्यासारखं वाटतं, अशी त्यांची तक्रार होती. पण वेग असा की पडद्यावर अक्षरं मागे राहतील असं वाटावं. परीक्षा ते झोपेत पास होतील, अशी माझी खात्री होती. मी घरी पत्र लिहिलं त्यातही हे लिहिलं. माझ्या सरांना माझ्यामुळे काम मिळणार, असं. 'माझ्यामुळे' या शब्दाखाली मी रेघ मारली होती.

मग एके सकाळी सर म्हणाले, "आपला ए आळशी झालाय."

मी पडद्यावर पाहिलं. पानभर मजकुरातले जवळजवळ सगळे ए गायब होते. बाकीची अक्षरं नीट, एकही चूक नाही. पुढे पाहिलं तर क्यू आणि झेडही नव्हते. आणि पुणे हा शब्द जिथे जिथे होता तिथे पहिलं अक्षर मोठं यायच्या जागी छोटं आलं होतं.

मला मनातून आनंदच झाला, हे कबूल करतो. त्या खोलीत वर्षभर मी शिकत आलो होतो. आता मला येणारं काहीतरी निघालं होतं. मी सरांना उठवलं, त्यांच्या खुर्चीवर बसलो, नुसतं पान उघडलं आणि करंगळीने ए दाबला. आला. वीसदा दाबला, वीसदा आला. मग कीबोर्ड काढून पालथा धरला आणि मागून थापट्या मारल्या. कागदावर खडूची पूड पडली, एक टाचणी पडली आणि तिळाचा एक दाणा पडला. सर वाकून म्हणाले, "तिळगूळ खाऊनही गोड बोलत नाही. पक्का पुणेकर दिसतो." कीबोर्ड असा पालथा करून थापटायचा, हे मी त्यांना शिकवलं. त्यांनी ते उजव्या हाताने करून पाहिलं.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी मी तो उघडला. मागचे स्क्रू काढले, बटणांखालच्या रबराच्या टोप्या काढून ओळीने मांडल्या, आतले प्लास्टिकचे पारदर्शक पातळ पत्रे स्पिरिटच्या कापसाने पुसले. त्यावर रुपेरी रेघा असतात, एखादी तुटली की तिच्यावरची बटणं मरतात. सर कागद धरायचे त्याच खिडकीशी मी ते पत्रे उजेडात धरले. एकही रेघ तुटलेली नव्हती. सगळं बसवून मी दाबून पाहिलं, प्रत्येक बटण चालत होतं. सरांनी हात ठेवले, डोळे समोरच्या कागदावर, आणि एक परिच्छेद टाइप केला. ए नाही.

"आपण दाबता तेव्हा येतो," ते म्हणाले. तक्रार नव्हती, नुसतं सांगितलं.

मी म्हणालो, लूज कॉन्टॅक्ट असेल.

तिसऱ्या वेळी मी लॅबमधून दुसरा कीबोर्ड मागून आणला. नवाकोरा. पहिल्या दिवशी थोडे ए आले, संध्याकाळपर्यंत तेही गेले. तीच अक्षरं. आमच्या पुस्तकात एक नियम होता : संशय असलेला भाग बदलून पाहा, तरीही दोष राहिला तर दोष त्या भागात नाही. हा नियम मी परीक्षेत लिहिला होता आणि त्याला मार्कही मिळाले होते. म्हणून मी पुढे गेलो. कॉम्प्युटरच्या मागचं, कीबोर्डची पिन बसते ते जांभळं गोल भोक तपासलं, तार बदलली, एक अख्खा रविवार घालवून सगळं सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. कीबोर्डच्या एका बाजूला तार होती, दुसऱ्या बाजूला सर होते. मी तारेच्या बाजूने गेलो.

दुसऱ्या कुणाही माणसाने ए येत नाही म्हटल्यावर सहज दुसऱ्या बोटाने दाबून पाहिला असता आणि भानगड तिथेच कळली असती. सरांच्या मनात ते येणं शक्य नव्हतं. ए करंगळीचा, तो दुसरं कुणी दाबणार नाही. आणि मी त्यांचाच विद्यार्थी. मी कीबोर्ड बदलला, तार बदलली, सॉफ्टवेअर बदललं. बोट तेवढं बदलून पाहिलं नाही.

दिसत नव्हतं असंही नाही. त्याच्या महिनाभर आधी त्यांनी टाइपरायटरवर सुट्टीची सूचना काढली होती, तिच्यातला ए फिकट होता. मी रिबन जुनी झाली समजून बदलली. जिन्यात त्यांची डावी चप्पल पायातून निसटायची, तेव्हा पट्टा सैल झाला असेल असं वाटलं. चहाचा कप ते उजव्या हाताने घ्यायला लागले होते. मी रोज त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसत होतो आणि माझं सगळं लक्ष पडद्याकडे होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी माझं कॉलेजात सबमिशन होतं. घाईत जाऊन आलो तर सर कॉम्प्युटरसमोर बसले होते, कीबोर्ड पालथा करून थापटत होते. मागे सकाळच्या बॅचची दोघं-तिघं होती. सर म्हणाले, ए आजही येत नाही, उद्या कसं व्हायचं.

मी थकलो होतो. पण थकलो होतो म्हणून बोललो, असं म्हणणं खरं नाही. त्या खोलीत राहून मला तिथलं बोलणं यायला लागलं होतं आणि ते मला येतं हे दाखवायचंही होतं. मी म्हणालो, "सर, कीबोर्डला काही झालेलं नाही. आपलं बोटच दाबत नाही. आपली करंगळी उपाशी आहे का?"

मागची पोरं हसली. सरही किंचित हसले, त्यांचंच वाक्य होतं. मग त्यांनी डावा हात समोर धरला, उलटा केला, सुलटा केला. "असेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. स्वारगेटला बस बदलून, मग बरंच चालत. काचेच्या इमारतीत थंडगार हॉलमध्ये मला बाहेरच्या सोफ्यावर बसवलं आणि सरांना काचेपलीकडच्या खोलीत नेलं. त्यांना नेणारी मुलगी माझ्याच वयाची असेल, तिच्या गळ्यात फोटोचं कार्ड होतं. ती त्यांना सर म्हणत होती, याचं मला बरं वाटलं. मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी बाह्या ठाकठीक केल्या, हात ठेवले आणि सुरू केलं. पाठ ताठ, मान समोरच्या कागदाकडे, जसं आम्हाला शिकवायचे अगदी तसं. दोन-तीन मिनिटं झाली असतील. मग ते थांबले. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले.

मग त्यांनी त्या लोकांचा तो नवा कीबोर्ड उचलला, पालथा केला आणि मागून उजव्या हाताने थापटायला लागले. घड्याळ चालू होतं. कार्डवाल्या मुलीने एकदा काचेतून माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली. त्यांची लाज वाटून मी मान खाली घातली. हे लिहिणं मला जड जातं आहे, पण ते तसंच होतं.

परतीच्या बसमध्ये सर खिडकीशी बसले होते. स्वारगेट जवळ आलं. मग म्हणाले, "त्यांचाही कीबोर्ड तसाच निघाला."

मी हो म्हणालो आणि पलीकडे पाहिलं, कारण मला हसू येत होतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं माझ्या मनात आलं. दोन दिवसांनी होस्टेलवर मी हे सगळं रंगवून सांगितलं, कीबोर्ड पालथा करून थापटण्याच्या अभिनयासकट. पहिल्यांदाच त्या मुलांनी माझ्या गोष्टीला मनापासून दाद दिली. बरेच दिवस आमच्या मजल्यावर कुणी नापास झालं की म्हणायचे, याचाही कीबोर्ड तसाच निघाला.

दिवाळीनंतर खोली गेली. टाइपरायटर न्यायला हातगाडी आली त्या दिवशी माझी परीक्षा होती, निदान मी तसं सांगितलं. पुढे माझं तिसरं वर्ष, मग मुलाखती. बंगळूरच्या एका कंपनीत नोकरी लागली. निघण्याआधी पेढे घेऊन बिबवेवाडीला त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा केला. सरांनी माझं नेमणुकीचं पत्र खिडकीपाशी नेऊन वाचलं आणि सवयीने मागून बोट फिरवलं. छापलेलं होतं, ठसा कुठून लागणार. "ए बरा आहे," ते म्हणाले. त्यांच्या डाव्या मनगटावरचं बाहीचं बटण उघडं होतं. मला ते दिसलं. दारापर्यंत आले, तेव्हा एक हात भिंतीला होता. तेही दिसलं. मी पाया पडलो आणि बस चुकेल म्हणून निघालो.

बंगळूरहून मी त्यांना एकच पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. मला वाटलं, परीक्षेच्या आदल्या दिवशीचं माझं बोलणं त्यांच्या मनात राहिलं असावं. त्या विचाराने मी दुसरं पत्र लिहायला धजलो नाही, आणि मग पुढे मी फार कामात आहे असं स्वतःला सांगत राहिलो. दोन वर्षं गेली. तिथे एका दुकानात मला एक कीबोर्ड दिसला, जुन्या धर्तीचा, कडक बटणांचा. प्रत्येक बटण दाबलं की टाइपरायटरसारखा खट्ट आवाज यायचा आणि हाताला लागायचं. मी तो घेतला. सरांना नेऊन द्यायचा, असं ठरवलं. माफी मागणं मला जमणार नव्हतं. कीबोर्ड देणं जमलं असतं.

बंगळूरची बस सकाळी स्वारगेटला पोचली. खोका काखेत धरून मी रिक्षाने बिबवेवाडीला गेलो. काकूंनी दार उघडलं. ओळख पटेना.

"कोण आपण?"

मी म्हणालो, क्लासमधला. त्या बघत राहिल्या.

"विदर्भातला का तू? कॉम्प्युटरवाला?"

"हो जी," मी म्हणालो, आणि त्या 'जी'वर त्यांची ओळख पटली.

"ये, आत ये. तुझा पत्ता शोधत होते मी. पत्र आलं होतं तुझं, पण कुठे ठेवलं ते सापडेना, आणि ह्यांना तर लिहिता येत नव्हतं."

आत, मागच्या वेळी खिडकीजवळ होती ती सरांची खुर्ची नव्हती. तिथे मोकळी जागा होती. मी उभाच राहिलो. काकू सांगत गेल्या, सावकाश, अनेकांना सांगून सरावलेल्या माणसासारख्या. मानेच्या मणक्यात काहीतरी वाढून नस दबली होती. डाव्या हातापासून सुरू झालं, मग पाय, मग उजवा हात. शेवटी तर घास भरवावा लागायचा. गेल्या पावसाळ्यात छातीत कफ झाला आणि गेले. मोठ्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. वर्षभर आधी आला असता तर ऑपरेशनने आहे तिथे थांबवता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

मी काखेतला खोका खाली ठेवला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, पण काय आहे असं विचारलं नाही.

"डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, हाताचं पहिल्यांदा कधी लक्षात आलं," त्या म्हणाल्या. "तर हे म्हणाले, माझ्या नाही आलं. माझा एक विद्यार्थी आहे कॉम्प्युटरचा, फार हुशार. त्याने तीन-तीन वेळा सगळं तपासलं आणि मला स्वच्छ सांगितलं होतं, की कीबोर्डला काही झालेलं नाही, आपलं बोटच दाबत नाही. मुलगा बरोबर सांगत होता, म्हणाले. मीच ऐकलं नाही."